बेळगावातनं बर्फातल्या ट्रेकला निघालाय? आधी उताराचा कोन बघायला शिका

नोव्हेंबर लागला की आमच्याकडे पोरांचं सुरू होतं, केदारकांठा जाऊया, ब्रह्मताल जाऊया, गोवा एक्सप्रेसचं तिकीट काढूया. टिळकवाडी, शहापूर, खानापूर, निपाणी, सगळीकडनं ग्रुप निघतात आणि जावंच, मी स्वतः जातो, त्यात वाईट काही नाही. पण तयारी म्हणजे काय, तर जॅकेट, बूट, थर्मल, सकाळी पळायला जाणं आणि थंडीला सुका मेवा. बर्फ स्वतःहून खाली येतो, माणसाच्या वजनानं खाली येतो, म्हणजे हिमस्खलन, याबद्दल कोण एक शब्द बोलत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, थोडं लांबेल, पण जाणार असाल तर पूर्ण वाचा.

आधी आमच्या भागातल्या माणसाची अडचण सांगतो. आपण पावसातली माणसं. चोर्ला घाटात, जांबोटी-कणकुंबीकडे दरड कधी येते हे आपल्याला पोटातनं कळतं: पाऊस लागून राहिला, माती फुगली, पाणी गढूळ झालं, की आपण गाडी मागं फिरवतो. आणि ऊन पडलं की म्हणतो, झालं, सुटलो. हाच हिशोब आपण बर्फात घेऊन जातो आणि तिथं तो उलटा पडतो. दोन दिवस बर्फ पडून तिसऱ्या दिवशी निळंशार आभाळ उघडतं, सगळे खुश होऊन बाहेर पडतात, आणि धोका नेमका त्याच सकाळी सगळ्यात जास्त असतो.

माझ्या बाबतीत असंच झालं होतं. उत्तराखंडात जानेवारीतला ट्रेक, आम्ही नऊजण, दोन दिवस तंबूत अडकलेलो, तिसऱ्या दिवशी ऊन. एका मोकळ्या उतारावरनं आम्ही सगळे एकामागोमाग, अगदी लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे चिकटून चाललेलो आणि पायाखालनं आवाज आला, धप्प. मोठा नाही, घरात गादी जमिनीवर टाकल्यावर येतो तसा, पण तो छातीत जाणवला. पुढच्या माणसाच्या बुटापासनं बर्फात एक रेघ पळत गेली, पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक, दहा-बारा फूट. आम्ही हसलो आणि फोटो काढला त्या रेघेचा. बरोबरचा माणूस म्हणाला बर्फ बसतोय, चला. आता तो फोटो बघितला की अंगावर काटा येतो, कारण तो बर्फ बसत नव्हता, खालचा थर मोडला होता. उतार पंचविसेक अंशाचा होता म्हणून आम्ही आहोत. आणखी दहा अंश जास्त असता तर सगळा पट्टा आमच्यासकट गेला असता.

पहिलं काम: घरातल्या परातीत समजून घ्या

हिमस्खलनाचे प्रकार आहेत, पण माणसं जास्त मरतात ती लादी सुटल्यामुळे. लादी म्हणजे वरचा बर्फाचा घट्ट थर, जो अख्खाच्या अख्खा एकदम सुटतो. हे समजायला एक परात घ्या, तिच्यात साखर पसरा आणि वर आपली ज्वारीची कडक भाकरी ठेवा. आता परात हळूहळू एका बाजूनं उचला. भाकरी थोडा वेळ दम धरते आणि मग तुकडा तुकडा नाही, अख्खी सरकते. परत ठेवा, परात तिरकीच धरा, आणि सरकायच्या थोडं आधी भाकरीवर एका बोटानं दाबा. बोट लावल्याबरोबर जाते. ती भाकरी म्हणजे वरचा थर, साखर म्हणजे खालचा कच्चा थर, आणि बोट म्हणजे तुम्ही. लादीखाली सापडलेल्या दहातल्या साधारण नऊ प्रसंगात ती लादी त्या माणसानं किंवा त्याच्याच ग्रुपमधल्या कुणीतरी सोडवलेली असते. वरनं कुणीतरी ढकललं, नशीब फिरलं, असं नसतं ते.

ही साखर बर्फात येते कुठनं? जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो, जमिनीची ऊब असते तिथं. वरचा पृष्ठभाग रात्री उणे 12-15 पर्यंत जातो. मग खालची वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरायचं सोडून मोठे, चमकदार, सुटे दाणे होतात. दर 10 सेंमी जाडीला 1 अंशापेक्षा जास्त फरक असला की हे चालू होतं. आता हिशोब करा, बर्फ 60 सेंमी असेल आणि वर उणे 12 असेल तर दर 10 सेंमीला 2 अंश, म्हणजे दुप्पट. तोच बर्फ दोन मीटर जाड असला तर फरक जेमतेम 0.6 अंश. म्हणजे बर्फ पातळ असेल तर खाली साखर जास्त तयार होते. डिसेंबरात "यंदा बर्फ कमी आहे, काळजी नाही" असं जे म्हणतात ना, ते म्हणूनच चुकीचं आहे. कमी बर्फ, कडक थंडी, स्वच्छ रात्री, मग जानेवारीत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडनं येणारं वादळी हवामान, आलं आणि त्या साखरेवर तीन फूट नवा बर्फ पडला, की परात तयार. उत्तरेकडं तोंड असलेल्या, सावलीतल्या उतारांवर ही साखर आठवडेच्या आठवडे टिकते.

दुसरा कच्चा थर म्हणजे पांढरं दव. थंड, शांत, निरभ्र रात्री बर्फावर पिसांसारखे नाजूक स्फटिक उगवतात, सकाळी उन्हात हिऱ्यासारखे चमकतात, बघायला इतकं सुंदर की काय सांगू. ते उन्हा-वाऱ्यानं मोडलं तर प्रश्न नाही, पण मोडायच्या आधी त्याच्यावर नवीन बर्फ पडला तर तो थर आत गाडला जातो आणि वरनं काही म्हणजे काही दिसत नाही.

दुसरं काम: कोन ओळखणं, आणि हे राजहंसगडावर शिकता येतं

या सगळ्या लेखातलं एकच लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. बर्फ बदलतो, हवा बदलते, उताराचा कोन बदलत नाही. लादी सुटते ती बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारावर, आणि त्यातही 38 च्या आसपास सगळ्यात जास्त. 30 च्या खाली क्वचित, आणि फार खड्या कड्यावर बर्फ साठतच नाही, आपोआप झडतो. अडचण अशी की 30 ते 45 हाच कोन माणसाला "जमेल की" वाटणारा असतो. आणि डोळा फसवतो, आम्ही येळ्ळूरला राजहंसगडाच्या उतारावर पाचजण उभे राहून अंदाज सांगितले होते, 25 पासून 50 पर्यंत पाच उत्तरं आली, मोजलं तर 33.

मोजायचं कसं? मोबाईलमध्ये लेव्हल दाखवणारं अ‍ॅप असतं. चालायची काठी उतारावर, पाणी ज्या दिशेनं वाहील त्या दिशेनं आडवी टाका, वर मोबाईल ठेवा, आकडा वाचा. थंडीत मोबाईल बंद पडला तर दोन काठ्यांनी. दोन्ही 100 सेंमीवर सेट करा. एक ओळंब्यासारखी सरळ उभी धरा. दुसरी तिला काटकोनात चिकटवून चढाकडं आडवी धरा आणि तिचं पुढचं टोक उताराला टेकेल इतकी वर-खाली सरकवा. आता आडवी काठी उभ्या काठीला किती उंचीवर जुळली ते बघा: 50 सेंमीवर जुळली तर साधारण 27 अंश, 58 वर 30, 70 वर 35, 78 वर 38, आणि पार वर 100 ला जुळली तर 45. उभ्या काठीवर 58 आणि 70 ला रंगीत टेपचा एकेक तुकडा लावून टाका, थंडीत डोकं चालत नाही, टेप बघून कळतं.

हे बर्फात जाऊन शिकायचं नाही. राजहंसगड आहे, महिपालगड आहे, दोन-तीन रविवार गवतातल्या उतारांवर आधी अंदाज बोला आणि मग मोजा. वीस-पंचवीस उतार मोजल्यावर डोळा बसायला लागतो.

नकाशावर पण बघता येतं. काही ट्रेकिंग अ‍ॅपमध्ये उतारानुसार रंग दाखवणारा थर असतो, 30 च्या वरचा भाग पिवळा-तांबडा होतो. कागदी नकाशा 1:50,000 चा असेल आणि उंचीच्या रेषा 40 मीटरच्या असतील तर दोन रेषांमधलं अंतर 1.4 मिमीच्या आत आलं की उतार 30 च्या वर गेला समजायचं. निजामुद्दीनपर्यंत गाडीत वेळच वेळ असतो, पत्ते कुटायच्या आधी तासभर नकाशा उघडा आणि आपल्या वाटेवरचे असे तुकडे पेनानं खुणा करून ठेवा. तुम्ही चालताय तो उतारच फक्त नाही, तुमच्या डोक्यावर काय आहे तेही बघा. सपाट नाल्यातनं चालताना वरचा 40 अंशाचा उतार सुटला तर तो तुमच्याच अंगावर येतो, आणि नाल्यात, घळीत थोडासा बर्फ सुद्धा खोल साचतो, कारण त्याला पसरायला जागा नसते. रुपिन पासच्या ट्रेकमधल्या शेवटच्या घळीसारख्या जागा लोक भल्या पहाटे पार करतात ते याच्यासाठीच.

तंबूची जागा बघताना जंगलाकडं नीट बघा. मधेच झाडं नसलेला सरळ पट्टा वरनं खाली आलेला दिसला, किंवा झाडांच्या चढाकडच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर ती बर्फाची नेहमीची वाट आहे. तिथं तंबू नाही. मोकळ्या जागेत असाल तर वरच्या उताराच्या माथ्याकडं बघा, तुमच्यापासनं माथ्यापर्यंतचा कोन 18-20 अंशांपेक्षा जास्त असेल तर दुसरी जागा शोधा.

तिसरं काम: निघायच्या आधीचे चार-पाच दिवस

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था आहे, बर्फ आणि हिमस्खलनाचा अभ्यास करणारी जुनी सासे संस्था आणि आणखी एक संस्था एकत्र करून 2020 मध्ये ती झाली. ती हिमाचल, उत्तराखंड, काश्मीर, लडाख अशा भागांसाठी जिल्हावार हिमस्खलनाचा इशारा देते, अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर धोका किती, असा. जगभर वापरतात त्या मोजपट्टीत पाच पायऱ्या असतात. चार आणि पाचला माणसं आपोआप घरात बसतात. घात करते ती तिसरी पायरी, कारण तीन म्हणजे मधलं, म्हणजे चालतंय, असं आपण वाचतो. तीनचा खरा अर्थ असा की खड्या उतारावर एका माणसाच्या वजनानं लादी सुटू शकते. तीन असेल तर 30 च्या वरच्या उतारावर आणि त्याच्या खाली जायचं नाही, मी तरी एवढा एकच नियम पाळतो.

हवामान खात्याचा अंदाज रोज बघा आणि वहीत लिहा, किती बर्फ, किती वारा, किती थंडी. 24 तासात 30 सेंमी किंवा जास्त बर्फ पडला असेल तर पुढचे निदान 48 तास खडे उतार बंद. साखरेचा थर असेल तर 48 तास पण पुरत नाहीत. बर्फावर पाऊस पडला तर लगेच मागं. आणि वारा! वाऱ्याकडं आपलं लक्षच नसतं. आभाळातनं एक कण पडत नसताना सुद्धा वारा एका बाजूचा बर्फ उचलून डोंगराच्या पलीकडच्या बाजूला टाकतो, पडणाऱ्या बर्फाच्या दहापट वेगानं. कड्याला पुढं आलेलं बर्फाचं छज्जं दिसलं की समजायचं, छज्जं ज्या बाजूला झुकलंय त्या बाजूच्या उतारावर माल साठलाय. तो बर्फ लोडासारखा गुबगुबीत, गुळगुळीत दिसतो आणि काठी आपटली तर मडक्यासारखा पोकळ वाजतो.

चौथं काम: चालताना डोळे आणि कान

आमच्या गल्लीत एक काका आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, सियाचीनला राहून आलेले. आमचा तो रेघेचा फोटो त्यांना दाखवला तर चहाचा कप खाली ठेवला त्यांनी. म्हणाले, "हसत काय होता रे? तो आवाज आला की आम्ही आल्या पावली मागं फिरायचो, साहेब असू दे नाहीतर कोण असू दे." मग समजावून सांगितलं की तिकडं हालचाल रात्री नाहीतर पहाटे करतात, दोर बांधून, अंतर ठेवून. आणि 3 फेब्रुवारी 2016 ची गोष्ट काढली. सियाचीनला 19,600 फुटांवर सोनम चौकीवर कडा आला, दहा जवान गाडले गेले, आणि आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यातल्या बेटदूरचे लान्स नायक हनुमंतप्पा कोप्पद सुमारे 25 फूट बर्फाखालनं सहाव्या दिवशी जिवंत निघाले. 11 तारखेला दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला. त्या आठवड्यात आमच्याकडे मराठी-कानडी सगळ्या घरात टीव्ही चालू होता, देवासमोर दिवे लावले होते लोकांनी. काकांचं म्हणणं एवढंच, की ती पलटण होती, शोधायला यंत्रं होती, कुत्री होती, तुम्हाला कोण शोधणार आहे?

तर चालताना या गोष्टी दिसल्या की वाद न घालता मागं फिरायचं: आजूबाजूच्या तशाच उतारावर ताजा बर्फ सुटलेला दिसणं, पायाखाली धप्प आवाज, बुटापासनं पळणारी चीर, अचानक चढलेलं ऊन किंवा उकाडा, आणि नुकताच झालेला मोठा बर्फ किंवा जोराचा वारा. धप्प आवाज सपाट जागेवर आला तरी तो तितकाच खरा आहे, कारण तोच थर पुढच्या खड्या उताराखाली पण असतो.

मार्च ते जूनचा बर्फ वेगळा. हामटा, सार पास हे ट्रेक या काळातले. इथं साखर नाही, पाणी मारतं. रात्री आभाळ स्वच्छ असेल तर वरचा बर्फ कडक गोठतो आणि सकाळी त्याच्यावर चालता येतं. रात्री ढग असतील तर तो गोठतच नाही, ढग गोधडीसारखे ऊब धरून ठेवतात, मग पहाटेच पाय घोट्यापर्यंत जातो. तसं असेल तर त्या दिवशी उतार नको. ऊन चढल्यावर वरनं बर्फाचे गोळे गोळे घरंगळायला लागले की वेळ संपली. दहाच्या आत खड्या भागातनं बाहेर.

खड्डा खणून बघायची पद्धत पण शिकून घ्या, पण तिच्यावर जीव टाकू नका. बाजूच्या, सुरक्षित, तशाच तोंडाच्या उतारावर कमरेएवढा खड्डा करा, भिंत साफ कापा आणि हातानं थर चाचपा: मूठ आत जाते, की चार बोटं, की एक बोट, की पेन्सिल, की फक्त सुरी. वर घट्ट आणि खाली मूठ जाणारा थर असला की झाली भाकरी आणि साखर. मग 30 बाय 30 सेंमीचा खांब मोकळा कापून वर फावडं ठेवायचं आणि मनगटातनं दहा, कोपरातनं दहा, खांद्यातनं दहा थापा मारायच्या. पहिल्या थापांतच थर सटकन सरकला तर उत्तर मिळालं. पण नाही सरकला म्हणून पुढचा उतार चांगला, असं मात्र म्हणायचं नाही, पन्नास फुटांवर गोष्ट वेगळी असू शकते. खड्डा "नको" सांगायला वापरायचा, "जा" सांगायला नाही.

दुसऱ्यांच्या पावलांच्या खुणा बघून पण जाऊ नका. आधी वीस माणसं गेली आणि एकविसाव्याला लादी सुटली असं होतं, कारण कच्च्या जागेवर पाय एकाचाच पडतो.

जावंच लागलं, दुसरी वाटच नाही, तर एकेकानं जायचं. बाकीचे सगळे सुरक्षित जागी थांबून त्या एकाकडं बघत. काठीचे पट्टे मनगटातनं काढून. मधे थांबून सेल्फी नाही, हे हात जोडून सांगतो.

पाचवं काम: सापडलात तर, आणि कुणी सापडलं तर

सुटला तर ओरडा, बाजूला पळायचा प्रयत्न करा, काठ्या सोडा, जीव खाऊन वर राहायची धडपड करा. वेग कमी व्हायला लागला की एक हात तोंडासमोर आणा, श्वासाला जागा राहू दे. कारण थांबल्यावर तो बर्फ काँक्रीटसारखा आवळतो, बोट हलवता येत नाही.

आणि वर राहिलेल्यांनो, त्या माणसाचे तुम्हीच. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊच्या आसपास जगतात, पस्तीस मिनिटांवर गेलं तर तीनच्या आसपास, कारण गुदमरतात. खालच्या गावातनं मदत यायला तास लागतात. त्यामुळं प्रत्येकाकडं तीन वस्तू पाहिजेत: बीकन, म्हणजे 457 किलोहर्ट्झवर सिग्नल देणारं आणि घेणारं यंत्र, निदान 240 सेंमीची टोचायची सळई, आणि धातूचं फावडं. तिन्ही. एक नसेल तर बाकीच्या दोन्हीचा उपयोग नाही. बुकिंग करताना विचारा, हे सामान देता का आणि बरोबरच्या लोकांना वापरता येतं का. उत्तरात मायक्रोस्पाइक (बुटाखाली लावायचे काटे) आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायाला बांधायचं आवरण) सांगायला लागले तर समजा प्रश्नच कळला नाही.

क्रम असा: शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांनी पकडा. डोकी मोजा. वरनं आणखी काही येणार नाही ना बघा. सगळ्यांनी बीकन शोधण्यावर टाका, एक जरी पाठवण्यावर राहिला तर सगळा घोळ. मोबाईल लांब ठेवा, त्यानं सिग्नल बिघडतो. बर्फावर टोपी, बूट, हातमोजा दिसतोय का बघत खाली या. बीकनवरचा अंतराचा आकडा तीन मीटरच्या आत आला की यंत्र बर्फाला टेकवून हळू, सगळ्यात लहान आकडा सापडेल तिथं सळई, लागली नाही तर 25-25 सेंमी अंतरानं गोल फिरत. लागली की सळई तिथंच राहू दे, बाहेर काढायची नाही. आणि खणायचं सळईच्या डोक्यावरनं नाही, उताराच्या खालच्या बाजूनं, जेवढं खोल आहे त्याच्या दीडपट मागं सरकून, आडवं आत शिरत. साचलेल्या बर्फाचा एक घनमीटर 300 ते 500 किलो भरतो. दोघांनी आळीपाळीनं पुढं, बाकीच्यांनी मागं बर्फ लोटायचा.

याची तालीम आम्ही खानापूरकडं मित्राच्या शेतात केली. तीन बीकन भाड्यानं मागवले, एक चालू करून सॅकमध्ये घातला आणि भाताच्या पिंजराच्या मोठ्या ढिगात मीटरभर खाली, वर ओल्या मातीच्या पाट्या टाकून गाडला. लपवणारा वेगळा, शोधणारे वेगळे. पहिल्यांदा बावीस मिनिटं लागली, निम्मा वेळ एकमेकांवर ओरडण्यात, आणि एकाचं यंत्र पाठवण्यावरच राहिलं होतं. मित्राची आई बांधावर उभी राहून बघत होती, तिनं विचारलं, आत खरं कोण असतं तर? कोण काही बोललं नाही. संध्याकाळपर्यंत सात वेळा गाडलं, सात वेळा काढलं, शेवटचे दोन नऊ मिनिटांत. यंदा निघायच्या आधी परत करणार आहोत, यावेळी अंधारात आणि जाड हातमोजे घालून.